बदकांची नवी खेप जुन्या कळपात कशी मिसळावी?

दुकान किंवा कारागिरी सांभाळून घरामागच्या जागेत बदके पाळू इच्छिणाऱ्या नवीन जालन्यातील बांधवांसाठी आम्ही हा धडा देत आहोत. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी नावाजलेली जात आहे. परंतु हवी तेवढी पिले एकाच वेळी मिळतातच असे नाही. दोन खेपा घाईने एकत्र सोडल्या तर भांडवल बुडण्याची भीती असते.

१) आधी वेगळे ठेवा : नवी पिले दोन ते तीन आठवडे निराळ्या खुराड्यात ठेवावीत. त्यांची भांडी वेगळी असावीत. रोज आधी जुन्या पिलांचे काम उरकावे, मग नव्यांचे. नंतर हातपाय धुवावेत. सुस्ती, हगवण, डोळ्यांतून पाणी दिसल्यास पशुवैद्यकांना दाखवावे. बदक वरून धडधाकट दिसले तरी बर्ड फ्लूचा विषाणू बाळगू शकते. २००६ साली नवापूरच्या कुक्कुटपालकांना या रोगाचा मोठा फटका बसला. म्हणून बदके कोंबड्यांत मिसळू नयेत व कुंडलिकेच्या पात्रात सोडू नयेत. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, ही हदीसची शिकवण येथेही लागू पडते.

२) वय व आकार पाहा : आठवड्याचे पिलू महिन्याच्या पिलांत सोडू नये. लहानग्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश उष्णता लागते. यंत्रात उबवलेल्या पिलांना आईच्या पिसांतील तेल मिळत नाही. ती भिजली की गारठून मरतात. पाण्यात चोच व नाकपुड्या बुडाव्यात, अंग नव्हे.

३) जाळीतून ओळख : मध्ये जाळी लावून चार-पाच दिवस दोन्ही गट एकमेकांस दिसू द्यावेत. मग सकाळी, आपले लक्ष राहील अशा वेळी, मोकळ्या जागेत एकत्र सोडावेत. एकटे पिलू सोडू नये. खुराकाची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. थोडी पळापळ, चोचा मारणे स्वाभाविक आहे. रक्त निघाले किंवा एखाद्यास खाऊच दिले नाही तर त्यास बाजूला काढावे. मोठेपणी पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जास्त नर माद्यांना जखमी करतात.

पिले घेताना ती अंड्यातून निघाल्याची तारीख विचारून घ्यावी. विकणाऱ्यानेही वय व आजार लपवू नये. मालातील दोष झाकून केलेल्या व्यवहारात बरकत राहत नाही, हे व्यापारी बांधवांना आम्ही वेगळे सांगायला नको.