आजारी कोंबडीची शुश्रूषा

सकाळी खुराड्याचे दार उघडताच कोंबड्या कशा धावत बाहेर पडतात, हे तुम्ही पाहिले असेल. एखाद्या दिवशी मात्र त्यांतली एक बाहेर येत नाही. पिसे फुगवून, मान आखडून आणि डोळे अर्धवट मिटून ती कोपऱ्यात बसून राहते. समोर टाकलेल्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. "आता ही काही जगत नाही," असे घरात कोणीतरी म्हणते. पण असा निकाल देण्याची घाई करू नये. अंडी देणाऱ्या कोंबडीचे दुखणे पुष्कळदा तिच्या अंड्याशीच निगडित असते. अंडे कसे तयार होते हे ठाऊक असेल, तर तिला कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, हे आपोआप समजते.

आजारी की खुडूक?

प्रथम एक खात्री करून घ्या. खुडूक कोंबडीही दिवसभर जागेवर बसून राहते. परंतु तिच्याजवळ हात नेला तर ती पिसे फुलवून रागाने ओरडते, चोच मारते. तिची नजर तरतरीत असते आणि दिवसातून एकदा तरी उठून ती दाणापाणी घेते. ती आजारी नसते. आजारी कोंबडीला मात्र कोणी उचलले तरी ती फारसा विरोध करीत नाही. तिचा तुरा फिका किंवा काळपट दिसतो, शेपूट खाली पडलेली असते.

आजार लपवणे हा कोंबडीचा स्वभावच आहे. कळपातल्या कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती प्रथम वर्णन केली. जी कोंबडी दुबळी दिसेल तिला इतर कोंबड्या टोचतात. म्हणून अगदी उभे राहवेनासे होईपर्यंत ती धडधाकट असल्यासारखी वावरते. आपल्याला आजार दिसतो, तोवर तो बराच पुढे गेलेला असतो.

पोटातला कारखाना

आता अंड्याकडे वळू. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक अंडनलिकेत येतो. तेथे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक जमतो. पुढे सव्वा तासात पातळ पापुद्रे तयार होतात. मग कवच घडवणाऱ्या भागात अंडे सुमारे वीस तास राहते. अंड्याचा सारा प्रवास २४ ते २६ तासांचा असतो. म्हणजे त्यातला बहुतेक वेळ एकट्या कवचालाच लागतो!

कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या संपूर्ण सांगाड्यात असते सुमारे २० ग्रॅम. वर्षाला ३०० अंडी देणारी संकरित कोंबडी ६०० ग्रॅम कॅल्शियम बाहेर टाकते, म्हणजे आपल्या सांगाड्यातल्या कॅल्शियमच्या तीस पट! तिचा पूर्वज असलेला रानकोंबडा आठवा. त्याची मादी वर्षाकाठी जेमतेम १०-१५ अंडी घालते.

कवच बरेचसे रात्री बनते आणि रात्री कोंबडी काही खात नाही. तेव्हा लागणाऱ्या कॅल्शियमचा काही भाग ती हाडांतून उसना घेते. दिवसा खाण्यातून हे कर्ज फिटले नाही, तर कवच पातळ होते. एवढ्यावर भागत नाही. स्नायू आकुंचन पावण्यासाठीही कॅल्शियम लागते. ते कमी पडले की अंडे पुढे ढकलणारे स्नायूच थकतात आणि तयार अंडे आत अडकते. फार मोठे अंडे, कोवळे वय, अतिलठ्ठपणा किंवा अंडनलिकेचा दाह यांमुळेही अंडे अडू शकते. अशी कोंबडी वारंवार खुराड्यात जाऊन बसते, कुंथते, पण अंडे बाहेर येत नाही.

शुश्रूषा कशी करावी?

१. तिला वेगळी ठेवा. भोके पाडलेल्या खोक्यात किंवा डालग्याखाली कोरडे गवत अंथरून तिला मंद उजेडाच्या, शांत जागी ठेवावे. त्यामुळे इतरांच्या चोची चुकतात आणि रोग सांसर्गिक असल्यास पसरण्याचा धोका कमी होतो.

२. ऊब द्या. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. आजारी कोंबडी पिसे फुगवते ती त्यांत हवा कोंडून ऊब टिकवण्यासाठी. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. एलईडी दिव्याचा येथे फारसा उपयोग नाही, कारण त्याची ऊब अगदी थोडी असते. खोक्यातली एक बाजू थंडच राहू द्या, म्हणजे नको तेव्हा तिला दूर सरकता येईल. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून ती धापा टाकू लागली, तर ऊब जास्त झाली असे समजा. बाहेर कडक उन्हाळा असेल, तर उबेऐवजी सावली द्या.

३. पाणी आधी, अन्न नंतर. अंड्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणीच असते, म्हणून अंडी घालणाऱ्या कोंबडीला पाणी तुटले की ती लवकर ढासळते. चोचीचे टोक पाण्यात बुडवा किंवा चोचीच्या कडेला थेंब लावा. घशात पाणी ओतू नका! श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे असते, त्यामुळे ते फुप्फुसात जाते. पाणी घेऊ लागल्यावर मऊ भात, भिजवलेला भरडा किंवा उकडलेल्या अंड्याचा चुरा थोडा थोडा द्यावा.

४. अंडे अडल्याचा संशय असल्यास टबात कोमट पाणी घेऊन तिच्या शरीराचा मागचा भाग त्यात पंधरा-वीस मिनिटे बुडेल असे धरा. स्नायू सैल पडतात. नंतर तिला नीट कोरडी करा. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नका. आत कवच फुटले तर जखम होते, पू होतो आणि कोंबडी दगावते. अंडे त्या दिवसात बाहेर आले नाही, तर तिला पशुवैद्याकडे न्यावेच लागते.

५. पुन्हा तसे होऊ नये म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जाड तुकडे पेषणीत रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. नेमके कवच बनत असतानाच कॅल्शियम मिळते. अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. सकाळचे ऊनही हवे. त्यातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही.

घरातली माणसांची औषधे अंदाजाने देऊ नका. पशुवैद्याने प्रतिजैविक दिले असेल, तर ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका. ती दोन-तीन दिवस नीट खाऊ लागली आणि शीट नेहमीसारखी झाली, की संध्याकाळी, बाकीच्या झोपण्याच्या वेळी तिला खुराड्यात सोडा.

येथे थांबा!

वरील सारे एक कोंबडी आजारी असताना करायचे. एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, धापा टाकू लागल्या, हिरवट हगू लागल्या, माना वाकड्या झाल्या किंवा पटापट मेल्या, तर हात लावू नका. तो मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग असू शकतो. त्यावर उपाय नाही, आधी टोचलेली लसच वाचवते. तो बर्ड फ्लूही असू शकेल. भारतात त्याची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला आढळली होती आणि तो माणसालाही होऊ शकतो. अशा वेळी मोठ्या माणसांना सांगून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. आजारी पक्षी विकू नये, खाऊ नये. मेलेला पक्षी नाल्यात टाकू नये. एरवीही कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका.

करून पाहा

एका पेल्यात व्हिनेगर घेऊन त्यात अंड्याचे टरफल टाका. बुडबुडे येतील. ते कार्बन डायऑक्साइडचे असतात. दुसऱ्या दिवशी हातात उरेल तो फक्त मऊ पापुद्रा. विरघळून गेले ते कोंबडीने रात्रभर जागून घडवलेले कवच! आता एक वही करा. रोज सकाळी प्रत्येक कोंबडी दाण्याकडे आली का, तुऱ्याचा रंग कसा आहे, अंडे घातले का आणि त्याचे कवच कसे आहे, हे चार रकाने भरा. निरोगी कोंबडी कशी दिसते हे ज्याला पाठ असते, त्यालाच आजारी कोंबडी वेळेवर ओळखता येते.