जिजाऊंचा कार्यक्रम, पण चाल कोणाची? – मुलींच्या लेझीम-ढोल पथकासाठी गाणी निवडताना



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जानेवारीचे पहिले दोन आठवडे म्हणजे शाळांची नुसती धावपळ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे घाटावर काय आणि घाटाखाली काय, शाळाशाळांत मुलींचं काहीतरी ‘बसवलं’ जातं. कुठे लेझीम, कुठे ढोल-ताशा, साहित्य असेल तिथे बँड पथक. मीही काही वर्षांपासून सहावी ते आठवीच्या मुलींचं पथक बसवते. विषय ठरलेला, कर्तृत्ववान स्त्रिया. गाणीही ठरलेली. पेनड्राइव्हमध्ये आहेत, दरवर्षी तीच वाजतात.

एकदा सरावाच्या मधल्या सुट्टीत ताशा वाजवणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे गाणं बाईवर हाय, पण कोण्या बाईनं केलं का?” मी सहज म्हणाले, “अगं, बाईनेच गायलंय की.” तर म्हणे, “गायलं नाही मॅडम, केलं कोणं?”

मला उत्तर देता आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी आम्ही सराव थांबवून वहीत चार रकाने आखले : शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, वाजवणार कोण. आमच्या यादीतलं एकेक गाणं घेऊन मुलींनी तक्ता भरला. आवाजाच्या रकान्यात बायका भरपूर. वाजवणार तर सगळ्या मुलीच. शब्दांच्या रकान्यात दोन-तीन नावं सापडली. चालीच्या रकान्यात एकही बाई नाही! आईवर, लेकीवर, जिजाऊंवर गाणी, आणि सगळ्यांना चाली पुरुषांनी दिलेल्या. चाली वाईट होत्या असं अजिबात नाही. पण मुलींनी फक्त गायचं आणि नाचायचं, रचायचं दुसऱ्या कोणीतरी, हे आपण न बोलता त्यांना शिकवत होतो की काय, असं मला वाटून गेलं.

बहिणाबाईंचं नाव मुलींनी लगेच सुचवलं. जळगावजवळच्या असोद्याच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. जात्यावर बसून, शेतात काम करताना त्या ओव्या रचायच्या आणि गायच्याही. पण आज ‘अरे संसार संसार’ म्हटलं की आपल्या कानात जी चाल येते, ती ‘मानिनी’ चित्रपटासाठी वसंत पवारांनी बांधलेली. शब्द बहिणाबाईंचे, चाल पवारांची. पवारांनी सोनं केलं यात वाद नाही, पण आमच्या तिसऱ्या-चौथ्या नव्हे, दुसऱ्या रकान्याचा प्रश्न काही सुटला नाही.

मग शोधता शोधता एक गंमत झाली. तक्त्यात एका मुलीने आधीच लिहून ठेवलं होतं : ‘चाल – आनंदघन (पुरुष)’. नाव वाचून तिला ते कोणी बुवाच वाटले. आता आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना त्यांनी या टोपणनावाने संगीत दिलं. ‘साधी माणसं’साठी आनंदघन यांना राज्य शासनाचा उत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार मिळाला. समारंभात नाव पुकारलं गेलं तरी लताबाई जागेवरून उठल्याच नाहीत, शेवटी निवेदकालाच गुपित फोडावं लागलं, असं सांगतात. हा किस्सा मुलींना सांगितला तर वर्ग एकदम शांत झाला. “कामून लपवलं मॅडम नाव?” यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. ते उत्तर मी देऊन टाकलं नाही, तुम्हीही देऊ नका, मुलींना अंदाज करू द्या.

खरा धक्का पुढे होता. ‘शूर आम्ही सरदार’ हे गाणं. शिवजयंतीला मुलांचं पथक मिशा लावून, लाकडी तलवारी घेऊन हे करतंच करतं. मुलींनी मागे एकदा मागितलं होतं, तेव्हा “ते पोरांचं गाणं आहे” म्हणून आम्हीच नाकारलं होतं. (मीही त्यात होते, कबूल करते.) गाण्याचा आवाज हृदयनाथ मंगेशकरांचा. पण शब्द? शांता शेळके. चाल? आनंदघन. मराठीतलं इतकं रांगडं गाणं दोन बायकांनी रचलेलं! त्याच चित्रपटातलं ‘मराठी पाउल पडते पुढे’ हेही याच दोघींचं. तेव्हा बाईची रचना म्हणजे अंगाई किंवा पाळणा, संथ, हळवं असंच काही, हा समज डोक्यातून काढून टाका. पथकाला लागतो तो जोर याच गाण्यांत आहे.

आता थोडं निवडीच्या तांत्रिक बाजूबद्दल, कारण चूक इथेच होते. बाईची रचना आहे म्हणून कोणतंही गाणं मैदानावर चालत नाही. आपले लेझमीचे हात चार-आठच्या मोजणीत असतात. केरव्यातलं, म्हणजे आठ मात्रांचं गाणं त्यात बसतं. सहा मात्रांचा दादरा आला की तिसऱ्या हाताला पोरी एकमेकींकडे बघायला लागतात. दुसरं म्हणजे, दहा ढोल सुरू झाले की स्पीकरमधलं गाणं ऐकूच येत नाही. त्यामुळे चाल अशी हवी की ती बासरीवर, बिगुलावर किंवा मुलींच्या एकत्र आवाजात ओळखू येईल. ‘अखेरचा हा तुला दंडवत’ आनंदघनांचंच, मला फार आवडतं, पण ते आम्ही ढोलावर बसवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यातले लांब सूर थापेखाली चिरडले जातात. शेवटी ढोल-ताशे पूर्ण बंद ठेवून एकाच मुलीने दोन ओळी गायल्या, बाकीच्या लेझीम खाली ठेवून उभ्या राहिल्या. दिवसभराच्या गोंगाटात तेवढीच शांतता, लोकांनीही पाळली.

लहान वर्गांसाठी मीना खडीकरांच्या चाली घ्या. ‘सांग सांग भोलानाथ’ त्यांचंच. पहिली-दुसरीची मुलं खंजिरीवर ते छान उचलतात.

इथे एक परदेशी उदाहरण सांगते. अमेरिकेत ‘ड्रम कॉर्प्स’ नावाचा प्रकार आहे. पितळी वाद्यं आणि ड्रम घेऊन मोठं पथक फुटबॉलच्या मैदानावर चालत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतं. आपल्या बँड पथकाचा थोरला भाऊ म्हणा. स्त्रियांवर कार्यक्रम करायचा तर चाल कोणाची घ्यायची, हा प्रश्न तिथेही येतोच. त्यांच्याकडे याला एक फार समर्पक रचना आहे. अ‍ॅरन कोपलंड यांनी १९४२ मध्ये ‘सामान्य माणसासाठी’ म्हणून एक ललकारी रचली होती, ती खूप गाजली. तिला उत्तर म्हणून जोन टॉवर या संगीतकार बाईंनी १९८६ मध्ये ‘असामान्य स्त्रीसाठी’ ललकारी रचली, तीही फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यांसाठी. मोबाईलवर दोन्ही रचना मुलींना ऐकवल्या. शब्द नाहीत, तरी त्यांना कळलं. “हे तर तुतारीवानी हाय” म्हणाल्या. आमच्या बिगुलात मोजून पाच स्वर निघतात. त्यातल्या तीन स्वरांवर आठवीच्या मुलींनी स्वतःची सलामी तयार केली आणि ताशावालीने तिला उठाव दिला. तक्त्यात चालीच्या रकान्यात त्यांनी स्वतःची नावं लिहिली. ती लिहिताना जरा लाजत होत्या.

आणि आपल्या घरातलं धन तर राहिलंच. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. ती गाणी टिपऱ्यांवर म्हणायची असतात, म्हणजे ताल आधीच तयार. ती रचली कोणी? आपल्याच आज्या-पणज्यांनी, नाव न लावता. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात गाणाऱ्या बायकांची आणि गावांची नावंही नोंदवली. आपणही तेवढं करू शकतो. पालकांना माझी विनंती आहे, घरातल्या आजीला भुलाबाईचं एक गाणं मोबाईलमध्ये म्हणायला लावा आणि आजीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव लिहून मुलीजवळ शाळेत पाठवा. टिपरीचा ठेका लेझमीवर आणायला फार तर दोन दिवस लागतात.

विषय निवडतानाही जिजाऊ-सावित्रीबाईंपाशीच थांबायला नको. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे जळजळीत पुस्तक १८८२ मध्ये लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्याच. त्यांचं गाणं नाही, पण त्यांचं गद्य मोठ्याने वाचून बघा, त्याला स्वतःचीच लय आहे. आम्ही हलगीच्या बारीक वाजवणीवर एक परिच्छेद वाचून घेतला. चाल लागलीच नाही.

“मुलींना ढोल झेपतो का?” हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी येतो. २६ जानेवारी २०२४ ला दिल्लीचं संचलन सुरू झालं तेच शंभराहून अधिक महिला कलाकारांच्या वाद्यवादनाने. तो व्हिडिओ दाखवा आणि ढोल आलटून-पालटून द्या. पट्टा कमरेला नीट बांधला नाही तर तो मुलांनाही झेपत नाही.

तक्ता भरताना एक काळजी घ्या. इंटरनेटवर गाण्याखाली नुसतं गायिकेचं नाव असतं, आणि कधी कधी तर चक्क चुकीचं. चित्रपटाची श्रेयनामावली किंवा जुन्या कॅसेटचं कव्हर बघूनच नाव लिहा.

आमच्या कार्यक्रमात निवेदनाचा कागद त्या ताशावालीकडेच दिला होता. प्रत्येक गाण्याआधी ती तीन नावं वाचायची, शब्द, चाल, ताल. ‘शूर आम्ही सरदार’ला नावं वाचली तसे पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “हे त गड्याचं गाणं हाय ना?” तिने माईक बाजूला केला, “नाही आबा, बायायचं हाय,” म्हणाली, आणि ताशाच्या काड्या उचलल्या.