एका ओळीची शंका आणि सी कंपाइलर

व्हायवाचा ठरलेला प्रश्न : इंट किती बाइटचा असतो? कुणी म्हणतं २, कुणी म्हणतं ४. दोघांनीही ते कुठल्यातरी पुस्तकात वाचलेलं असतं. २ वाल्याचं पुस्तक टर्बो सीच्या, म्हणजे १६ बिटच्या जमान्यातलं. ४ वाल्याचं त्यानंतरचं. पण समोर मशीन चालू आहे तर त्यालाच विचारावं, हे फारसं कुणाला सुचत नाही. कारणही उघड आहे. फाइल उघडा, नाव द्या, टाइप करा, सेव्ह करा, कंपाइल करा, रन करा... अर्ध्या ओळीच्या शंकेसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

पायथन आणि पर्लवाले या बाबतीत सुखी. पायथनला -सी आणि पर्लला -ई हा ऑप्शन देऊन पुढे अवतरणात कोड लिहिला की झालं, उत्तर हजर. सी पडली कंपाइल होणारी भाषा, तिच्या नशिबी हे सुख नाही, असा आपला समज. मित्रांनो, तो खरा नाही.

कंपाइलरला हवा असतो फक्त मजकूर. तो फाइलमधूनच यावा असा काही नियम नाही. जीसीसीला फाइलच्या नावाच्या जागी नुसतं - हे चिन्ह दिलं, तर तो स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो. अडचण एकच. एरवी भाषा कोणती हे तो फाइलच्या नावाच्या शेपटीवरून ओळखतो. इथे नावच नाही, तर शेपटी कुठून येणार? म्हणून -एक्स देऊन भाषा आपणच सांगायची. पूर्ण कमांड अशी (मराठी विभाग म्हणून देवनागरीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि वॉलमधला डब्ल्यू कॅपिटल) :

जीसीसी -वॉल -एक्स सी - -ओ टी <<'शेवट' && ./टी

एंटर दाबा, नेहमीसारखा प्रोग्राम लिहा आणि शेवटी एका स्वतंत्र ओळीवर नुसतं 'शेवट' लिहा, अवतरणाशिवाय. प्रोग्राम कंपाइल होतो आणि चूक नसेल तर लगेच चालतो. && चा अर्थच तो : आधीचं काम जमलं तरच पुढचं करा. दरवेळी हेडर लिहायचा कंटाळा आला, तर जीसीसीच्या -इन्क्लूड या ऑप्शनपुढे हेडरचं नाव द्या, म्हणजे ती ओळही वाचते.

'इकोने पाइपमधून कोड पाठवला तर?' चालेल, पण जपून. शेलमध्ये कोड एकेरी अवतरणात ठेवला आणि त्यातच 'ए' असं कॅरॅक्टर आलं, की शेल ती अवतरणं खाऊन टाकतं. कंपाइलरपर्यंत पोचतो नुसता ए, आणि तो म्हणतो, हा व्हेरिएबल डिक्लेअर केलेला नाही. वरच्या कमांडमध्ये 'शेवट'भोवती अवतरण आहे ते याचसाठी : मधल्या मजकुराला शेल हातच लावत नाही.

याहून सुटसुटीत म्हणजे टीसीसी. फाब्रिस बेलार्ड यांचा हा छोटासा कंपाइलर -रन दिलं की मेमरीतच कंपाइल करून प्रोग्राम चालवतो, डिस्कवर एक्झिक्युटेबल ठेवतच नाही. त्याचा वेग किती? २००४ मध्ये बेलार्ड यांनी त्याच्या जोरावर लिनक्सचा कर्नल थेट सोर्सपासून कंपाइल करून बूट करून दाखवला, २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ वर, १५ सेकंदांच्या आत! इतर भाषांनीही ही सोय केली आहे. गोमध्ये 'गो रन' आहे, जावामध्ये २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून जेशेल आहे, हास्केलच्या जीएचसीला -ई आहे.

आता खरी गंमत. तीन प्रयोग करून बघा.

१) साइझऑफ(लाँग) छापा. ६४ बिट लिनक्सवर ८ येईल, ६४ बिट विंडोजवर ४.

२) साइझऑफ('ए') छापा. उत्तर ४. आता कमांडमध्ये फक्त -एक्स सी चं -एक्स सी++ करा. उत्तर १!

३) आय मध्ये ५ ठेवा आणि एकाच प्रिंटएफमध्ये आय++ दोनदा द्या. ६४ बिट पीसीवर जीसीसी छापतो ६ ५. तोच कोड क्लँगला द्या, तो छापतो ५ ६.

तिन्हीकडे उत्तर बदललं, पण तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यात स्टँडर्डने फक्त किमान मर्यादा घातली आहे, नेमका आकार कंपाइलरवर सोडला आहे. इंटचंही तेच : किमान १६ बिट हवेत, म्हणून २ आणि ४ ही दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. दुसऱ्यात दोन भाषांचे नियमच वेगळे आहेत. सीमध्ये 'ए' हा इंट असतो, सी++ मध्ये कॅर. तिसऱ्यात मात्र नियमच नाही. एकाच व्हेरिएबलमध्ये असा दोनदा बदल केला तर काय व्हावं हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. म्हणजे 'आउटपुट सांगा' म्हणून चार पर्याय देणाऱ्या अशा प्रश्नांना बरोबर पर्यायच नसतो, गाइडमध्ये काहीही छापलेलं असो.

म्हणून एक पथ्य पाळा. मशीनने दिलेलं उत्तर ही त्या मशीनची, त्या कंपाइलरची साक्ष आहे, भाषेचा कायदा नव्हे. -वॉल कधीही गाळू नका. तिसऱ्या प्रयोगात जीसीसी स्वतःच इशारा देतो, पण आपण वॉर्निंग वाचत नाही. शक्य तिथे दोन कंपाइलरांना विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर स्टँडर्ड उघडा. जुळली तरी वॉर्निंग आली असेल, तर उघडाच.

वरची कमांड शेलच्या फंक्शनमध्ये घालून ठेवा, म्हणजे रोज टाइप करावी लागणार नाही. पुढची शंका आली की पुस्तक शोधण्याआधी तीस सेकंद टर्मिनलला द्या. व्हायवात 'पुस्तकात असं दिलंय' यापेक्षा 'सर, या कंपाइलरवर हे येतं, आणि त्याचं कारण हे' असं सांगता आलं, तर पुढचा प्रश्न कितीही अवघड येऊ द्या!