मनाचा दवाखाना : पहिल्यांदा जाताना

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. पण झोप उडाली, अभ्यासात लक्ष लागेना, जगण्यातील गोडी गेली, तरी ‘लोक वेडा म्हणतील’ या धास्तीने आपण घरीच बसतो. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली आपली मुले तर सगळ्या घराच्या अपेक्षांचे ओझे मुकाट्याने वाहतात. ही धास्ती बरीचशी अज्ञानातून येते. म्हणून तेथे काय घडते, हे आपण समजून घेऊ.

बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. केसपेपर काढायचा, तज्ज्ञांशी बोलायचे आणि घरी परतायचे. तेथे दोन प्रकारचे तज्ज्ञ भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात, चाचण्या घेतात. औषधे लिहून देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. फी किती, किती दिवसांनी यायचे, हेही आधीच विचारावे.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांत जातो. त्रास केव्हापासून आहे, झोप व भूक कशी आहे, घरात कोणाला असा आजार होता काय, असे प्रश्न असतात. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. व्यसन लपवू नये. जीव द्यावा असे मनात येत असेल, तर ते सर्वांत आधी सांगावे.

‘हे बाहेर फुटेल काय?’ आम्ही बँकेतील माणसे एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगत नाही. येथेही तसेच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला गुप्ततेचा हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास, अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद होतो. १८ वर्षांखालील मुलांबरोबर मात्र पालक लागतात.

एका भेटीत गुण येत नाही. उदासीनतेवरील औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नयेत. एका तज्ज्ञाशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जाण्यात गैर काहीच नाही.

खासगी फी परवडत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तसेच ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

आपल्या ओळखीचा एखादा हसता-बोलता विद्यार्थी अचानक गप्प झाला असेल, तर त्याला उपदेश करीत बसू नये. त्याच्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहावे.