चार तासांचं सलाईन दीड तासात

घाम कमी येणं, उन्हात तळहात-तळपायांची आग होणं. कुवेतमध्ये अशी तक्रार केलीत तर कुणी लक्षही देणार नाही. याच देशात मित्रिबाहला 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली आहे! पण हा त्रास लहानपणापासून असेल, तर तो फॅब्री या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचाही असू शकतो.

फॅब्रीत एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम पुरेसं बनत नाही. मग एक प्रकारची चरबी पेशींत साठत जाते आणि पुढे मूत्रपिंड, हृदय, मेंदू यांना इजा होते. यावरचा एक उपचार म्हणजे तेच एन्झाइम बाहेरून देणं: अगॅल्सिडेज बीटा, किलोमागे 1 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, शिरेतून.

आता हिशेब करा. तुमचं वजन 60 किलो, म्हणजे 60 मिलिग्रॅम औषध. सुरुवातीचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण चार तास. त्यात जाणं-येणं आणि नंतरची देखरेख धरली की दिवस गेलाच. वर्षात असे 26 दिवस. आणि कुवेतच्या खासगी नोकरीत वार्षिक रजा 30 दिवसांची. गावी कधी जायचं?

इतकं हळू का, तर काहींच्या शरीराने हे प्रथिन कधी पाहिलेलंच नसतं. प्रतिकारशक्ती त्याला परकं समजते. थंडी वाजते, ताप येतो, क्वचित गंभीर ॲलर्जीही होते. वेग कमी असला की लक्षण दिसताच थांबवता येतं.

औषध सोसतंय असं दिसलं, की डॉक्टर प्रत्येक खेपेला वेग 0.05 ते 0.08 मिलिग्रॅमने वाढवू शकतात. 0.05 धरला तर दुसऱ्या टप्प्यात चार तासांचे 200 मिनिटं, तिसऱ्यात साधारण 171. सगळं सुरळीत गेलं तर नऊ वाढींत, म्हणजे चार महिन्यांहून थोड्या अधिक काळात, दीड तासावर येता येतं. 30 किलोंपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णांसाठी ही किमान मर्यादा आहे, त्याखाली नाही. डोस तेवढाच राहतो, वेळ तेवढा घटतो. वर्षाला 65 तास वाचतात. (सलाईनची चकती मात्र स्वतः फिरवू नका!)

डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नाही, तर तुम्ही काढा. आणि प्रत्येक खेपेचा वेग, लागलेला वेळ, आलेली रिॲक्शन वहीत लिहून ठेवा. उद्या कायमचं मुंबईला परतलात आणि केईएमसारख्या दुर्मिळ आजारांच्या केंद्रात गेलात, तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.