‘शेजारी’ : एका बोलपटाचा अभ्यास

मराठीत ‘शेजारधर्म’ हा मोठा सुंदर शब्द आहे. हा धर्म पोथीत सापडत नाही आणि मशिदीतही शिकवीत नाहीत. शेजारच्या घरी चूल पेटली नाही तर विचारपूस करावी, परगावी जाताना घराची किल्ली त्यांच्या हाती द्यावी, त्यांच्या दारी मांडव पडला की आपल्या घरची भांडी न मागता पोचवावीत, एवढाच त्याचा अर्थ. हा धर्म जन्मभर पाळलेल्या दोन वृद्धांमध्ये संशय कसा शिरतो आणि मग त्यांचे बोलणेच कसे खुंटते, हे दाखविणारा एक बोलपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली काढला. त्याचे नाव ‘शेजारी’. आमच्या निंबर्ग्याच्या परिसरात कानडी, मराठी आणि दख्खनी उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. येथील विद्यार्थ्यांनी हा बोलपट केवळ करमणूक म्हणून न पाहता धड्यासारखा अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

बोलपटाचे दिग्दर्शक व्ही. शांताराम. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) या सामाजिक चित्रपटांनंतरचा हा त्यांचा चित्रपट, आणि प्रभातसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचाही हाच. पुढे १९४२ साली त्यांनी राजकमल ही स्वतःची संस्था काढली. ‘शेजारी’चे लेखन विश्राम बेडेकर यांचे. हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावयाचे. याच बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली होती. युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली हेर्टा ही ज्यू तरुणी यांची त्यात भेट होते. वंशद्वेष माणसाला कोठे नेतो, हे त्या कादंबरीत लिहिणाऱ्या लेखकाने दोनच वर्षांनी तसाच प्रश्न एका खेड्यात आणून मांडला. काळही तसाच होता. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता आणि देशाचे दोन तुकडे होणार की काय, ही चर्चा घरोघर चालू होती.

कथा थोडक्यात अशी. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी. एक हिंदू, एक मुसलमान. मैत्री इतकी जुनी की दोन्ही घरे एकच वाटावीत. दोघे बुद्धिबळाचा पट मांडून बसतात, डावावरून रुसतात आणि पुन्हा डाव मांडतात. अशा गावात एका धनिकाला धरण बांधावयाचे असते. त्यासाठी त्याला गावाची जमीन हवी आणि गाव ती द्यावयास तयार नाही. हे दोघे एकत्र उभे आहेत तोवर गाव फुटणार नाही, हे त्या धनिकाला लवकरच उमगते. तेव्हा तो जमिनीचा नाद तूर्त सोडून मैत्रीलाच हात घालतो. संशय पेरला जातो, मने दुरावतात, दोन घरांचे दोन पक्ष होतात. अखेरीस ते धरण फुटते आणि त्या प्रचंड लोंढ्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. आज धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालुक्यातील अमरजा धरण आणि त्याखालची भिजलेली शेते येतात; या कथेतील धरण मात्र लोभाचे आहे, हे ध्यानात घेऊन तो शेवट पाहावा.

आता अभ्यासाचा मुख्य मुद्दा. या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती काय? उत्तम येत होती. एकमेकांचे सण ठाऊक नव्हते काय? तेही ठाऊक होते. मग बिनसले कोठे? पुष्कळ लोक म्हणतात की माणसे एकमेकांना ओळखीत नाहीत म्हणून दंगे होतात. ‘शेजारी’ पाहिल्यावर आम्हांस हे उत्तर अपुरे वाटू लागले. ओळख तर होतीच, चाळीस पावलांवर घर होते. परंतु ज्या गोष्टीविषयी शंका आली, तीच गोष्ट समोरासमोर विचारण्याचे धैर्य मात्र राहिले नाही. मित्राकडे जाऊन ‘हे तू केलेस काय?’ असे विचारावे, तर विचारण्यातच अविश्वास दिसतो. न विचारावे, तर मनातील शंका कुजत राहते. या पेचात माणूस गप्प बसतो, आणि त्या शांततेत तिसऱ्याचा आवाज मोठा ऐकू येतो. वर्गातल्या भांडणातही असेच घडते की नाही, याचा मुलांनीच विचार करावा.

एक दोषही सांगितला पाहिजे. सारे कपट एकट्या धनिकाच्या माथी मारल्याने गावकरी फार स्वस्तात सुटतात. बाहेरच्या माणसाने काडी टाकली हे खरे. पण गवत वाळलेले नसते तर ती विझून गेली असती. ते गवत कोणी वाळविले, याविषयी बोलपट फारसे बोलत नाही. शेवटच्या प्रलयाचे दृश्य त्या काळी फार गाजले व ते भव्य आहेच, परंतु भव्यतेमुळे हा प्रश्न पाण्याखाली जातो, असे आमचे मत आहे.

पात्रयोजनेविषयी मात्र आम्हांस फार कौतुक वाटते. मराठी बोलपटात जिवबाचे काम केशवराव दाते यांनी केले आणि मिर्झाचे गजानन जागीरदार यांनी. जागीरदार म्हणजे पुढे १९४४ साली ‘रामशास्त्री’ची भूमिका गाजविणारे नट. याच कथेची ‘पडोसी’ ही हिंदी आवृत्ती बरोबरीनेच तयार झाली. तिच्यातही मिर्झा जागीरदारच झाले, आणि हिंदू ठाकुराची भूमिका मजहर खान या मुसलमान नटाने केली. हिंदूने नमाजाची बैठक शिकावी आणि मुसलमानाने ठाकुराचा थाट उचलावा! एकमेकांच्या कातडीत शिरल्याशिवाय हे साधत नाही.

बोलपट निघाल्यावर सात वर्षांतच आमच्या या भागावर तसाच प्रलय आला. तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात होतो. रझाकारांचा उच्छाद चालू होता. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोर्टा गावी त्यांनी हत्याकांड केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली, आणि मग सूड म्हणून ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभर २७,००० ते ४०,००० माणसे प्राणास मुकली असा अंदाज केला, आणि सर्वांत अधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि आपला गुलबर्गा ही चार नावे दिली. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नव्हता.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती आम्हांस ‘शेजारी’इतकीच शिकविणारी वाटते. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि त्यापायी काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. एकाच धंद्यातल्या माणसांचा सुताचा भाव, मालाची खोट, उसनवार यांवरून रोज संबंध येतो. रोज वाद होतात आणि रोज मिटतात. जिवबा-मिर्झांच्या बुद्धिबळासारखा हा डाव, पण येथे गप्प बसून भागत नाही, बोलावेच लागते. कदाचित म्हणूनच अफवेला तेथे शिरण्यास फट मिळाली नसावी.

बोलपट पाहून झाल्यावर मुलांनी एक काम करावे. घरात किंवा गल्लीत ज्यांना १९४८ चे आठवते, अथवा ज्यांनी त्याविषयी आई-वडिलांकडून ऐकले आहे, अशा वडीलधाऱ्यांजवळ बसावे. कोणी कोणास मारले, हे प्रथम विचारू नये. शेजारच्या घरच्या माणसाला तेव्हा कोणत्या नात्याने हाक मारीत, काका, अप्पा, मामू की चाचा, ते विचारून वहीत टिपून घ्यावे. आणि ती हाक पुढे बंद झाली असेल, तर कोणत्या वर्षी बंद झाली, तेही त्याखाली लिहावे.