पगार उड्डाणाचा, वाट पाहणं फुकट

पायलट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि लाखांत पगार! मलाही असंच वाटायचं. पण माझा मामेभाऊ एका चार्टर कंपनीत करारावर को-पायलट म्हणून लागला आणि माझे डोळे उघडले.

मामा घाटकोपरला पंतनगरमध्ये राहतात. मेसच्या जेवणाला कंटाळलो की रविवारी मी तिकडेच पळतो. मामा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, कायम नोकरीत. रिटायर झाल्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी मिळाली. त्यातली बरीचशी रक्कम आणि वर बँकेचं कर्ज दादाच्या वैमानिक प्रशिक्षणात गेलं. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातला तास न् तास पैसे मोजून घ्यावा लागतो. आता गंमत बघा. ज्याच्या शिक्षणाला बापाचा पीएफ कामी आला, त्या मुलाला स्वतःला पीएफ नाही!

चार्टर म्हणजे काय?

ठरलेल्या वेळापत्रकाने, तिकिटं विकून चालते ती शेड्युल्ड विमानसेवा. ज्याला हवं त्याने, हवं तेव्हा, अख्खं विमान भाड्याने घेतलं तर ती नॉन-शेड्युल्ड, म्हणजेच चार्टर. उद्योगपती, पुढारी, पेशंट, समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारे कामगार असे तिचे गिऱ्हाईक. एसटी आणि खासगी टॅक्सी यांत जो फरक तोच इथे. टॅक्सीवाल्याला जसं पुढचं भाडं कधी लागेल ते माहीत नसतं, तसंच दादालाही माहीत नसतं.

एका दिवसाचा हिशोब

दादाने सांगितलेला एक दिवस मी वहीत मांडला. सकाळी 6 ला हजर. 7 ला उड्डाण, 8 ला मराठवाड्यात उतरले. पाहुणे कामाला गेले. संध्याकाळी 5 ला परतीचं उड्डाण, 6 ला मुंबई, कागदपत्रं पुरी करून 6.30 ला सुट्टी. ड्यूटी झाली साडेबारा तास, उड्डाण झालं दोन तास. दादाच्या करारात पैसे उड्डाणाच्या तासाला आहेत. म्हणजे दोन तासांचा पगार, आणि साडेदहा तास देशसेवा!

वैमानिकांच्या थकव्यावर नियम नाहीत असं नाही. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, उड्डाणाची वेळ आणि ड्यूटीची वेळ वेगळी मोजतं आणि दोन्हींना मर्यादा घालतं. वर्षाला 1000 तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. शेड्युल्ड कंपन्यांसाठी 2024 मध्ये नवे नियम आले. त्यात साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली आणि 2025 मध्ये ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हा विषय घराघरांत पोहोचला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे नियम तास मोजतात. पगार कशावर ठरतो हे ते मोजत नाहीत. चार्टरवाल्याचं खरं दुखणं तिथेच आहे.

'नाही' म्हणण्याची किंमत

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ढग फार खाली आले होते. जिथे जायचं होतं तिथे रात्री उतरण्याची सोय बेताची. कॅप्टन आणि दादा दोघांनीही उड्डाण नाकारलं. नियमाने कमांडरचा निर्णय अंतिम असतो, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. रागावलं नाही, काढूनही टाकलं नाही. फक्त पुढचे तीन आठवडे दादाला फोन आला नाही. त्या महिन्यात कर्जाचा हप्ता मामांच्या पेन्शनमधून गेला.

मामा एवढंच म्हणाले, "अरे, ब्रेक बरोबर नाहीत म्हणून मी बस डेपोबाहेर काढली नाही, तरी माझा पगार कधी कापला नाही कुणी."

मला वाटतं, या लेखाचं सार त्या वाक्यात आहे. ('बेस्ट'मध्येही आता भाडेतत्त्वावरच्या बसवर कंत्राटी ड्रायव्हर असतात, हेही मामाच सांगतात.)

घाटकोपरकरांना हा विषय परका नाही. 28 जून 2018 ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-90 जातीचं छोटं विमान घाटकोपर पश्चिमेला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी कोसळलं. दोन वैमानिक, देखभाल विभागाचे दोघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जीव गेले. त्या अपघाताला वैमानिकांचा करार कारण होता असं मी अजिबात म्हणत नाही. सांगायचं इतकंच, की कॉकपिटमधल्या निर्णयाची किंमत खालून चालणारा माणूसही मोजतो. म्हणून तो निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात हप्त्याचा विचार असता कामा नये. आपण बीम डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. माणसाच्या बाबतीत तो फॅक्टर म्हणजे उडो न उडो, मिळणारा ठरावीक पगार.

जुहूच्या कंत्राटी कामगारांचा निकाल

मग कंत्राटी माणसाला काहीच आधार नाही का? आहे. पवन हंस ही सरकारी मालकीची हेलिकॉप्टर कंपनी, तिचा मोठा तळ आपल्या जुहूला. तिच्या 840 कर्मचाऱ्यांपैकी 270 कंत्राटी होते आणि त्यांना कंपनीच्या पीएफ योजनेत घेतलं नव्हतं. एव्हिएशन कर्मचारी संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 17 जानेवारी 2020 ला तिथेही निकाल कामगारांच्या बाजूने लागला आणि जानेवारी 2017 पासून पीएफचा लाभ द्यायला सांगितलं. मुद्दा कोणता ठरला? कंपनीच्याच पीएफ नियमावलीतली 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या! ती इतकी व्यापक होती की थेट कंपनीकडून पगार घेणारे कंत्राटीही तिच्यात बसत होते. आपण ज्या पानावरून बोट फिरवून पुढे जातो, ते व्याख्यांचं पान त्यांनी वाचलं.

सही करण्याआधी

प्लेसमेंटचा मोसम जवळ आलाय. बाँड, नोटीस पीरियड, 'व्हेरिएबल पे' हे आपल्याही वाट्याला येणारच. दादाच्या अनुभवावरून मी काढलेले पाच प्रश्न:

1. काम मिळो न मिळो, दरमहा ठरावीक रक्कम किती?
2. तास कोणते मोजणार? प्रत्यक्ष कामाचे, की हजर असल्याचे?
3. सुरक्षिततेच्या कारणासाठी काम नाकारलं तर पैसे आणि पुढचं काम कापलं जाणार नाही, हे लेखी आहे का?
4. नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? बाँडची रक्कम किती? (भारतीय करार कायदा 1872, कलम 74 नुसार करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळते.)
5. पीएफ, विमा आहे का? आजारपणात काय? वैमानिक वैद्यकीय तपासणीत तात्पुरता जरी नापास झाला तरी त्याला उडता येत नाही.

दादाने सही करताना यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. नोकरी मिळतेय याचाच आनंद इतका होता! यंदा करार नव्याने करायची वेळ आली, तेव्हा त्याने पहिला आणि तिसरा प्रश्न विचारला. महिन्याला ठरावीक रक्कम मिळाली, थोडी का होईना. तिसऱ्यावर अजून "बघू" हेच उत्तर आहे.

घाटकोपरच्या डोक्यावरून विमानं उतरत असतात. पूर्वी मी गच्चीवरून ती मोजायचो. आता एखादं छोटं विमान दिसलं की मनात येतं, आज उडायला 'नाही' म्हणायची मोकळीक त्याला होती ना? उद्या आपल्यापैकीच कुणी त्या विमानाच्या देखभालीच्या कागदावर सही करणार आहे. हाच प्रश्न तेव्हा आपल्यालाही लागू होईल. बघा, पटतंय का!